मानेतला करंट मुकाट्याने सोसू नका



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अशोक विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या धम्म मेळाव्याला माझा धाकटा भाऊ अमरावतीहून आला होता. तो धान्य बाजारात हमाल. वय सत्तेचाळीस. मेळावा आटोपून घरी आलो, जेवायला बसलो. घास घ्यायला त्याने मान खाली घातली आणि एकदम दचकून सरळ झाला. मी विचारलं, काय झालं रे?

तो म्हणाला, ‘‘काही नाही व ताई. मान खाली घातली का पाठीतून करंट जाते. सर्रकन, पार पायापर्यंत. काल विहारात पंचांग प्रणाम करतानाही तसंच झालं. मले वाटलं, कुठं तारच लागला का काय.’’

मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून नोकरी केली. हजारो पेशंट पाहिले. तरी मी काय म्हणाले? ‘‘ओझं उचलून मान अवघडली असेल. बाम लाव आणि दोन दिवस आराम कर.’’ तो हसला. म्हणाला, ‘‘आराम केला त पोरं काय खातीन?’’ विषय तिथेच संपला.

पुढचे अकरा महिने तो कामावर जात राहिला. आधी शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला. मग चालता चालता पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि त्याला कळायचंही नाही. लोक म्हणाले, दारू पिऊन चालतो. तो पीत नाही. शेवटी एक दिवस ट्रकला लावलेल्या फळीवर, पाठीवर कट्टा असताना पाय लटपटला आणि तो खाली आला. तेव्हा एमआरआय झाला. मानेतली गादी सरकून आणि हाड वाढून मज्जारज्जू दोन ठिकाणी चेपलेला निघाला. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पण ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, ‘‘करंट लागायला लागून किती दिवस झाले?’’ भाऊ माझ्याकडे पाहत राहिला. मी मान खाली घातली.

ही चूक माझी आहे, म्हणून ती आज इथे लिहिते. आपल्या वस्त्यांमध्ये माझ्या भावासारखे किती जण असतील आणि माझ्यासारखा सल्ला देणारे तर घरोघरी आहेत.

हा करंट आहे तरी काय?

आपल्या मानेत सात मणके. एकावर एक ठेवलेल्या कड्यांसारखे. त्या कड्यांच्या पोकळीतून मेंदूकडून निघालेला मज्जारज्जू खाली उतरतो. जाडी साधारण करंगळीएवढी. हात हलवणं, पाय उचलणं, लघवी रोखणं, गरम-थंड कळणं, असे सगळे निरोप याच वाटेने ये-जा करतात.

घरातल्या वायरवर प्लास्टिक असतं, तसं मज्जारज्जूतल्या धाग्यांवर एक चरबीचं वेष्टण असतं. कुठल्या कारणाने ते झिजलं, सुजलं किंवा मज्जारज्जू दाबला गेला, की उघड्या पडलेल्या धाग्यांना जरासा ताणही सहन होत नाही. मान पुढे वाकवली की मज्जारज्जू ताणला जातो. मग विजेसारखी झिणझिणी पाठीच्या कण्यातून खाली उतरते, कधी हातात, कधी दोन्ही पायांत. क्षणभर टिकते. मान सरळ केली की थांबते. म्हणूनच माणूस ती विसरून जातो.

पहिल्या महायुद्धात मानेला आणि डोक्याला मार लागलेल्या सैनिकांमध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी ही तक्रार १९१७-१८ च्या सुमारास नोंदवली. १९२४ मध्ये लर्मिट नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी तिच्यावर सविस्तर लिहिलं, तेव्हापासून जगभरचे डॉक्टर तिला ‘लर्मिटचं चिन्ह’ म्हणतात. म्हणजे शंभर वर्षांपासून वैद्यकाच्या पुस्तकात असलेली ही गोष्ट आहे. तो गॅस नाही, वात नाही, अशक्तपणाची चक्कर नाही आणि बाहेरचं तर मुळीच नाही.

या चिन्हाची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हा करंट एक्स-रेत दिसत नाही, रक्ताच्या रिपोर्टात येत नाही, डॉक्टरांच्या हाताला लागत नाही. तो फक्त ज्याला लागतो त्याला कळतो. त्याने तोंड उघडून सांगितलं तरच डॉक्टरांना कळणार. न सांगितलेला करंट जणू लागलाच नाही.

हेही सांगते, म्हणजे कुणी उगाच घाबरणार नाही. मान एका बाजूला वळवल्यावर फक्त एकाच हातात कळ जात असेल, तर बहुधा मानेतून बाजूला निघणारी एक नस दबलेली असते. ते दुखणं पुष्कळदा काही आठवड्यांत औषधाने आणि व्यायामाने उतरतं. पण मान खाली घातल्यावर करंट पाठीच्या मधोमध किंवा पायांपर्यंत जात असेल, तर संशय मज्जारज्जूवर घ्यायचा. दुखत नसलं तरी घ्यायचा.

आपल्या घरांत हे का होतं?

पहिलं कारण ओझं. अमरावती-अकोल्याच्या बाजारात तूर, हरभरा, सोयाबीनचे कट्टे कुणाच्या पाठीवरून उतरतात? जिनिंगमध्ये, सेंट्रिंगच्या कामावर घमेली कुणाच्या डोक्यावर असतात? खारपाणपट्ट्यातल्या गावांत विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, तिथे गोड्या पाण्यासाठी चुंबळीवर दोन-दोन हंडे घेऊन चालणारी बाई कोण असते? वय झालं की मानेची झीज सगळ्यांचीच होते. डोक्यावर वर्षानुवर्षं ओझं वाहणाऱ्यांची ती लवकर होते. गाद्या चपट्या होतात, हाडाच्या कडा वाढतात, मज्जारज्जूची वाट अरुंद होत जाते. चाळिशी-पन्नाशीनंतर असा करंट लागला, तर हे कारण आधी डोक्यात आणायचं.

हमाल, माथाडींसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे. ज्याची नोंदणी आहे त्याला माथाडी मंडळाकडे दाद मागता येते. माझ्या भावाने नोंदणी ‘करू पुढे’ म्हणून वीस वर्षं टाळली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सभासद होते. कामगाराच्या शरीरालाही हक्क असतात, हे त्यांनी कायद्याच्या भाषेत मांडलं. तो हक्क कागदावर नाव असेल तरच हातात येतो.

दुसरं कारण टीबी. टीबी म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो. पण टीबी मणक्यालाही होतो, मानेच्या मणक्यालाही. मान सतत दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं आणि त्यात हा करंट असेल, तर एक दिवस घालवू नका. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. मणक्याच्या टीबीला ते फुफ्फुसाच्या टीबीपेक्षा जास्त महिने घ्यावं लागतं आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नसतं. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात येतात. २०२४ च्या नोव्हेंबरपूर्वी ते ५०० होते.

तिसरं कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. हे स्वस्तात बरं होणारं आणि तरीही सगळ्यात जास्त दुर्लक्षित. बी-१२ कमी पडलं की नसांचं ते वेष्टण नीट तयार होत नाही. तळपाय बधिर होतात, मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, जिभेची आग होते आणि मान वाकवली की करंट लागतो. बी-१२ भाजीत नाही, डाळीत नाही, ज्वारीत नाही. ते मांस, कलेजी, मासे, अंडी, दूध, दही यांत आहे. आपण स्वतःला मांसाहारी म्हणवतो, पण महिन्याकाठी किती वेळा शिजतं आणि शिजलं तर घरातल्या बाईच्या ताटात किती येतं, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावं. २०१५ मध्ये राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाला परवडणारं एक मांस ताटातून गेलं. अंडी मात्र अजून हाताशी आहेत. ती पोरांसोबत आईनेही खावीत.

इथे मुंबईची एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९३० च्या आसपास लूसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत गिरणी कामगार गरोदर बायकांच्या पांडुरोगाचा अभ्यास करत होत्या. निकस आहार घेणाऱ्या त्या बायकांना यीस्टचा अर्क दिल्यावर रक्त सुधारलं. त्यातला जो गुणकारी घटक होता, त्यालाच पुढे फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. आज अंगणवाडीत, दवाखान्यात मिळणाऱ्या रक्तवाढीच्या गोळीत लोहाबरोबर तेच असतं. गोळी चांगली आहे, घ्यायलाच हवी. पण कमतरता बी-१२ ची असेल, तर एकट्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. म्हणून हातापायाला मुंग्या किंवा मानेत करंट असेल तर ‘रक्ताच्या गोळ्या चालू आहेत’ एवढ्यावर थांबू नका, बी-१२ तपासायला सांगा. शुगरसाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्यांचं आणि ॲसिडिटीची गोळी रोज खाणाऱ्यांचंही बी-१२ कमी होऊ शकतं. उपचार साधा आहे, इंजेक्शन आणि गोळ्या. लवकर सुरू केला तर नसा सावरतात, फार उशीर झाला तर पूर्ण सावरत नाहीत.

चौथं कारण तरुण मुलींच्या आयांनी नीट वाचावं. मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा आजार आहे. त्यात शरीराची संरक्षण करणारी ताकदच उलटून नसांच्या वेष्टणावर हल्ला करते. तो बहुधा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. एका डोळ्याने अचानक अंधूक दिसणं आणि तो डोळा हलवताना दुखणं, अंगाची एक बाजू बधिर होणं, काही आठवड्यांनी आपोआप बरं वाटणं, पुन्हा काही महिन्यांनी वेगळंच काही होणं, आणि मानेतला करंट. उकाड्याने, गरम पाण्याच्या आंघोळीने त्रास तात्पुरता वाढतो. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा अशा मुलीचे काय हाल होत असतील विचार करा. आणि घरात काय म्हणतात? ‘कामाचा कंटाळा’, ‘नाटकं करते’, ‘लग्न लावून द्या, बरी होईल’. हा आजार दुर्मीळ आहे, पण त्याला औषध आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याचं नाव आहे, म्हणजे अपंगत्व आलं तर प्रमाणपत्र आणि सवलती मिळू शकतात.

पाचवं, खर्रा. तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरसाठी मानेवर शेक, म्हणजे रेडिएशन घेतलेल्या रुग्णाला उपचार संपल्यावर काही महिन्यांनी असा करंट लागू शकतो. तो बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप जातो. कॅन्सर परत आला असं समजून खचू नका आणि डॉक्टरांना न सांगता घरी बसूही नका. पुढच्या तपासणीची वाट न पाहता सांगा.

आपण दवाखान्यात का जात नाही?

मला राग येतो तो इथे. आणि तो राग आधी माझ्यावर आहे.

आपल्याकडे सोसणं हा मोठा गुण समजला जातो. बाई सोसते ती चांगली. गडी दुखण्याचं तोंड वर काढत नाही तो मर्द. रोजी बुडते हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. इर्विनच्या ओपीडीत एक दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि वर ऑटोचं भाडं. पण भावाच्या बाबतीत हिशेब मांडून पाहिला. अकरा महिन्यांत दवाखान्याचे चार दिवस त्याने वाचवले. त्यानंतर कट्टा उचलण्याची सगळी वर्षं गेली.

दुसरं, आपण मान कुणाच्याही हाती देतो. मालिश करणारा, नस बसवणारा, हाडवैद्य, दाढी झाल्यावर मान कडकन मोडून देणारा. धंदा करणाऱ्याला दोष देत नाही, मागणारे आपणच असतो. पण ज्याच्या मज्जारज्जूला आधीच जागा उरलेली नाही, किंवा मणका टीबीने पोखरला आहे, त्याची मान झटका देऊन फिरवणं म्हणजे उभ्या माणसाला अंथरुणाला खिळवण्याचा धोका. करंट लागत असेल तर मानेला कुणालाही हात लावू देऊ नका. दुकानातून पट्टा आणून स्वतःच बांधू नका. आणि करंट अजून लागतो का हे पाहायला पुन्हा पुन्हा मान वाकवू नका.

तिसरं म्हणजे कमरेत सुई. वस्तीतल्या दवाखान्यात पन्नास-शंभर रुपयांत दुखणं दबतं. पण दबतं ते फक्त दुखणं, मज्जारज्जूवरचा दाब तसाच राहतो.

आणि चौथं लिहायला लाज वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आपल्या माणसांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्या घरांतही सुनेला झटके येतात म्हटल्यावर गुपचूप कुणा बाबाकडे नेणारे आहेत. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण घरातल्या घरात लिंबू उतरवणाऱ्याला पकडायला पोलीस येत नाहीत. तिथे आपणच उभं राहायला हवं.

बाबासाहेबांचंच पाहा. त्यांना मधुमेह होता, पायांच्या नसांच्या वेदनांनी रात्र रात्र झोप नसायची. राज्यघटनेचं काम डोक्यावर होतं. तरीही ते मुंबईला डॉ. मालवणकरांकडे उपचारासाठी गेले. तिथे डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख वाढली आणि १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत नोंदणी पद्धतीने लग्न झालं, त्याच आपल्या माईसाहेब. घटना लिहिणाऱ्या माणसाला दवाखान्यासाठी वेळ काढावा लागला. तो आपल्यालाही काढावा लागेल.

कधी जायचं, कुठे जायचं, काय सांगायचं?

करंट एकदाच लागला आणि पुन्हा लागला नाही, तरी येत्या आठवड्यात डॉक्टरांना सांगा. पुन्हा पुन्हा लागत असेल तर दोन-चार दिवसांत जा. पुढचं काही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी:

– हाताची पकड सुटणं, बटण, घास, बांगडी, किल्ली यांत बोटं अडखळणं
– पाय जड होणं, ताठणं, चप्पल निसटणं, तोल जाणं
– लघवी किंवा संडास अडणं, वा कळायच्या आत होणं
– पडल्यावर किंवा अपघातानंतर लागलेला करंट
– मानदुखीबरोबर ताप, वजन घटणं

अपघात असेल तर माणसाला उचलून ऑटोत कोंबू नका. मान न हलवता आडवं ठेवा आणि १०८ ला फोन करा.

अमरावतीत आधी इर्विन, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय. तिथून गरज असेल तर विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, ज्याला आपण सुपर स्पेशालिटी म्हणतो. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय. त्यापुढे नागपूरचं मेडिकल आणि त्याचं सुपर स्पेशालिटी, किंवा सेवाग्राम. खेड्यातल्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवण्याची चिठ्ठी घ्यावी, जुने कागद सोबत ठेवावेत.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.  मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथे ठरलेली फी लागू शकते. ऑपरेशन सांगितलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड, आधार कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, किंवा १५५३८८ वर फोन करा. भाड्याने घर, सोनं गहाण, असं काही करण्याआधी हा एक फोन कराच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सांगायचं कसं. मी टेबलाच्या त्या बाजूला आयुष्य काढलंय. डॉक्टरांसमोर रांग असते, तुमच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. आपला माणूस ती दोन मिनिटं ‘मान दुखते साहेब’ एवढं म्हणून वाया घालवतो. मग दुखण्याची गोळी मिळते आणि ती बरोबरच मिळते, कारण आपण तेवढंच सांगितलेलं असतं. त्याऐवजी घरून कागदावर लिहून न्या:

‘मान खाली वाकवली की पाठीच्या कण्यातून पायापर्यंत करंट जातो. अमुक महिन्यापासून. हाताची पकड कमी झाली आहे / नाही. चालताना तोल जातो / नाही. लघवीचा त्रास आहे / नाही. डोक्यावर, पाठीवर ओझ्याचं काम करतो. टीबी, शुगर, कॅन्सरचे उपचार झाले आहेत / नाहीत. या गोळ्या चालू आहेत.’

एवढं वाचल्यावर डॉक्टर कागद बाजूला ठेवून तुमच्याकडे पाहतील. मग ते हातोडीने गुडघा-कोपर तपासतील, तळपायावर रेघ ओढतील, एका रेषेत चालायला लावतील, हाताची पकड बघतील. रक्तात हिमोग्लोबिन, शुगर, बी-१२ पाहतील. एक्स-रेत हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो. हे काहीच न करता गोळ्या लिहिल्या, तर रागावू नका, भांडू नका. पण खुर्चीवरून उठूही नका. नम्रपणे विचारा: ‘‘साहेब, मज्जारज्जूवर दाब आहे का हे तपासायला नको का? एमआरआय लागेल का?’’ असं विचारणं उद्धटपणा नाही. आणि ज्या डॉक्टरला तो उद्धटपणा वाटेल, त्याच्याकडून दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याचा हक्क तुम्हाला आहे.

विहाराने काय करावं?

१४ एप्रिलला अमरावतीच्या इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर पाय ठेवायला जागा नसते. अकोल्यात अशोक वाटिकेत तेच. दोन्ही ठिकाणांपासून सरकारी रुग्णालय जवळच आहे. अभिवादनाला आपण हजारोंनी जातो आणि शेजारच्या ओपीडीत एकेकटे, घाबरत, हात जोडून उभे राहतो. हे मला पटत नाही.

भगवान बुद्धांची गोष्ट आपण सगळे जाणतो. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता, कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी त्याला धुतलं, नीट बिछान्यावर ठेवलं आणि मग संघाला विचारलं, तुम्ही एकमेकांची शुश्रूषा करणार नाही तर कोण करणार? आपला संघ म्हणजे वस्तीच. म्हणून माझं म्हणणं असं, की प्रत्येक विहाराने दोन माणसं नेमावीत, एक बाई, एक गडी. रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटं आरोग्याची. कुणाला काय होतंय ते विचारायचं, लिहून घ्यायचं आणि सोमवारी त्याच्यासोबत दवाखान्यात जायचं. सोबत माणूस असला की रुग्ण रांगेतून परत येत नाही, रिपोर्ट हरवत नाही, पुढची तारीख चुकत नाही. ज्याचा रोज बुडतो त्याच्या घरी त्या दिवसाचं धान्य वर्गणीतून जावं. जयंतीच्या डीजेतून एवढं सहज निघेल.

आणि एक मागणी सगळ्या वस्त्यांनी मिळून करावी. मेंदू आणि मज्जातंतूचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, एमआरआय चालू आहे की बंद, नंबर किती दिवसांनी लागतो, याचा फलक प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या दारात मोठ्या मराठी अक्षरांत लावा. पद रिकामं असेल तर ‘रिकामं’ असंही लिहा. निवेदन द्यायची, पाठपुरावा करायची आपल्याला सवय आहे. ती ताकद या कामाला लावू या.

माझा भाऊ आता काठी घेऊन चालतो. करंट थांबला आहे, उजव्या हाताची तीन बोटं अजून नीट चालत नाहीत. शर्टाची वरची दोन बटणं वहिनी लावते. धान्य बाजाराच्या फाटकाशी बसून तो चहा विकतो आणि पाठीवर कट्टा घेऊन जाणाऱ्या पोरांना हाक मारून विचारतो, ‘‘काय गा, मान खाली घातली का करंट त नाही जात ना?’’ पोरं हसतात. मागच्या महिन्यात एकाने हसण्याऐवजी ‘‘जाते ना काका’’ म्हटलं. भावाने त्याला त्याच दिवशी इर्विनला नेलं. बी-१२ निघालं. इंजेक्शनं चालू आहेत, पोरगा कामावर आहे.

बाबासाहेबांनी १९२० मध्ये आपलं पहिलं वर्तमानपत्र काढलं, त्याचं नाव ‘मूकनायक’. मुक्यांना आवाज मिळावा म्हणून. त्यांची लेकरं म्हणवणाऱ्या आपण निदान आपलं दुखणं सांगताना तरी मुकं राहू नये. मानेत करंट लागतो? आज घरात सांगा, उद्या डॉक्टरांना सांगा.

जयभीम. नमो बुद्धाय.